रात्री घड्याळ चार्जरवर होतं: तीनदा पडलेल्या एका आजींचं प्रकरण

वय ७९. राहायला एकट्या, मुलगी दुसऱ्या घरी, पण तिची दिवसातून एक फेरी ठरलेली. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. कधीमधी झोपेची अर्धी गोळी. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा. आठ महिन्यांत तीनदा पडल्या.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. फिजिओथेरपीच्या कामात जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते एका आजींच्या रूपानं इथे मांडलं आहे. त्यामुळे आजींचे जे आकडे पुढे येतील ते त्यांच्यापुरतेच धरावेत.

पहिली भेट आणि माझी चूक

पहिल्यांदा पडल्या तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. "पाय घसरला," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. म्हातारं माणूस पडलं की "घसरला" हा शब्द फार सोयीचा असतो. दोष फरशीवर जातो, पुढे कोणी काही विचारत नाही.

दुसऱ्यांदा पडल्या त्या रात्री, बाथरूमच्या दारात. उठता येईना. फोन उशाशी राहिलेला. सव्वा तास त्या जमिनीवर होत्या. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तासापेक्षा जास्त वेळ असं पडून राहणं हीच एक वेगळी दुखापत असते. अंगाच्या भाराखाली दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांवर येतात. कातडीला व्रण पडू लागतात, अंग गार पडतं, शरीरातलं पाणी कमी होतं. आजींना यातलं काही झालं नाही. त्यांनी हाय मात्र खाल्ली. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागल्या, आणि बाहेर जाणं बंद.

मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली ती यानंतर. मी नेहमीची चाचणी घेतली: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १९९१ पासून ही चाचणी जगभर वापरात आहे आणि तिला लागतं फक्त एक स्टॉपवॉच. आजींना १४.२ सेकंद लागले. हा आकडा मधल्यामध्ये लोंबकळणारा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पद्धतीप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत ही रेघ १५ सेकंदांवर आहे. मी जरा आशावादी बाजू घेतली. "थोडा तोल कमी आहे, व्यायाम सुरू करू," असं म्हणून पायांचे व्यायाम लिहून दिले.

चूक इथे झाली. चाचणी झाली दिवसा, भरपूर उजेडात, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, शेजारी मी. पडल्या होत्या रात्री, अनवाणी, अंधारात, झोपेतून उठून. माझ्या खोलीत चालत होत्या त्या आजी वेगळ्या आणि मध्यरात्री दारात कोसळल्या त्या वेगळ्या. रात्री किती वेळा उठता, हा साधा प्रश्नही मी विचारला नव्हता.

घड्याळ आलं

पुढच्याच आठवड्यात मुलीनं आईसाठी पडणं ओळखणारं मनगटी घड्याळ आणलं. २०१८ मध्ये ॲपलनं आपल्या घड्याळात ही सोय दिल्यापासून अशी उपकरणं बरीच झाली आहेत. आजींचं दुसऱ्या कोणाचं होतं, तत्त्व तेच. मुलगी फोनवर म्हणाली, "आता काळजी नाही. आता आई पडणार नाही."

मी तिला थांबवलं. घड्याळाचं काम पडल्यानंतर सुरू होतं.

हा फरक बोलून दाखवावा लागतो, कारण जाहिरातीच्या भाषेत पडणं ओळखणं आणि पडणं टाळणं यांची सरमिसळ झालेली असते. आत काय चालतं ते पाहिलं की फरक कळतो. ॲक्सेलरोमीटर नावाचा चिमुकला भाग वेगातला बदल मोजतो. आपण स्वस्थ उभे असतो तेव्हा तो एक ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं दाखवतो. शरीर खाली येऊ लागलं की आकडा घसरतो, आणि जमिनीवर आदळताना एकदम उसळी घेतो. जोडीला जायरोस्कोप असतो, तो वळणं आणि कलणं टिपतो. आधी घसरण, मग उसळी, मग हालचाल बंद, असा नमुना जुळला की घड्याळ विचारतं, "तुम्ही पडलात का?" उत्तर आलं नाही तर ठरलेल्या माणसाला फोन लावतं.

बटण दाबायची गरज नाही, हा याचा मोठा फायदा. गळ्यात अडकवायची जुनी बटणं होती, पण ती दाबली जात नसत. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जमिनीवर बराच वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी मदतीचं बटण असूनही वापरलं नव्हतं. माणूस घाबरलेला असतो, गोंधळलेला असतो, किंवा "एवढ्या रात्री कोणाला कशाला उठवायचं" म्हणून स्वतःच उठायची धडपड करत असतो. घड्याळ असला संकोच करत नाही.

पण ते उगाच ओरडतंही. आजी खुर्चीत धपकन बसल्या, अलार्म. चादर झटकली, अलार्म. पहिल्या दोन आठवड्यांत मुलीला अकरा वेळा फोन गेला आणि अकराही वेळा आजी ठणठणीत. बाराव्या वेळी मुलीनं धावत यायचं सोडून नुसता फोन केला. दोष मुलीचाही नाही आणि एकट्या त्या घड्याळाचाही नाही. ही यंत्रं बहुतेक करून तरुणांना गादीवर मुद्दाम पडायला लावून शिकवलेली असतात, आणि वृद्ध माणूस खरोखर पडतो ते तसं नसतं. २०१२ मध्ये संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेले १३ अल्गोरिदम, म्हणजे नोंदींवरून पडणं ओळखायच्या संगणकी रीती, खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांच्या नोंदींवर तपासले. सरासरी ५७ टक्के पडणी ओळखली गेली, आणि एका दिवसातले खोटे इशारे ३ पासून ८५ पर्यंत. तेव्हापासून तंत्र पुष्कळ सुधारलं आहे, पण प्रयोगशाळेतला आकडा आणि घरातला आकडा यांच्यातली दरी लक्षात ठेवूनच खोक्यावरची टक्केवारी वाचावी.

आजींचं मत थोडक्यात होतं. "जळलं मेलं ते घड्याळ. मी शिंकले तरी पोरीला सांगतं."

तिसरं पडणं

महिन्याभरानं त्या तिसऱ्यांदा पडल्या. पुन्हा रात्री, पलंगापासून चार पावलांवर. घड्याळ वाजलं नाही, कारण ते चार्जरवर होतं.

त्याची बॅटरी दीड दिवस जेमतेम टिकायची. आपण सगळे जे करतो तेच आजींनी केलं, झोपताना काढून चार्जिंगला लावलं. म्हणजे ज्या वेळात त्या पडत होत्या नेमक्या त्याच वेळात घड्याळ टेबलावर. आणि बाथरूममध्ये पाण्याच्या भीतीनं ते काढूनच जायच्या, हे मुलीला त्या दिवशी कळलं. वस्तू पाण्यात चालणारी होती. तसं आजींना कोणी सांगितलंच नव्हतं.

मनगटाला मुका मार, गुडघा सुजलेला. या वेळी मी चाचणीनं सुरुवात केली नाही. आधी विचारलं, "आजी, रात्री किती वेळा उठता?"

"एकदा. फार तर दोनदा."

"आणि दिवसा कधी तोल जातो?"

"दिवसा कशाला जातोय? दिवसा मी चांगली चालते गं."

आठवडाभर कमरेला पट्टा

आता मी दुसरं उपकरण वापरलं. काडेपेटीएवढा सेन्सर, कमरेला मागच्या बाजूनं पट्ट्यात बसणारा. ना पडदा, ना अलार्म. नुसता नोंदत राहतो, आठवडाभर बॅटरी पुरते. कंबर निवडायचं कारण असं, की शरीराचा गुरुत्वमध्य तिथे जवळ असतो. मनगट दिवसभर शंभर उद्योग करत असतं. भांडं उचलणं आणि तोल जाणं त्याला सारखंच वाटू शकतं. कंबर उगाच हलत नाही.

सात दिवसांची नोंद संगणकावर पाहिली आणि पहिल्यांदा त्या रात्री दिसल्या.

आजी रात्री चार वेळा उठत होत्या. एका रात्री पाच वेळा. त्यांना आठवत होत्या त्या एक-दोन, बाकीच्या अर्धवट झोपेतल्या. दुसरं म्हणजे आडव्या अवस्थेतून उभं राहणं आणि पहिलं पाऊल यांच्यात जेमतेम दोन-तीन सेकंद जात. पलंगाच्या कडेला बसणं वगैरे काही नाही, उठलं की चाललं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. दिवसा त्यांची पावलं बऱ्यापैकी एका तालात पडत होती. रात्री उठल्यावरची पहिली आठ-दहा पावलं मात्र भलतीच विस्कळीत होती, एक लवकर, एक उशिरा, मग बाथरूमकडून परत येताना पुन्हा बरी. दोन पावलांमधल्या वेळात जितकी चढ-उतार जास्त तितका पडण्याचा धोका जास्त, हे चालण्याच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. सरासरी वेगात हे दडून जातं. आजींची सरासरी चांगलीच होती.

चाल मुळातच बिघडलेली असती तर परतीची पावलंही तशीच पडली असती. फक्त उठल्या उठल्या बिघडते, म्हणजे कारण पायांत नसून रक्तदाबात असावं. हे सेन्सर सांगत नाही, तो रक्तदाब मोजत नाही. त्यानं फक्त कुठे बघायचं ते दाखवलं. आजींना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घेतला, १४६/८०. उभं करून एका मिनिटानं, ११८/७२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो आजार धरतात. आजींचा वरचा २८ नं उतरला होता.

"आता कसं वाटतंय?"

"डोळ्यांपुढे जरा अंधारी येते. नेहमीचंच आहे ते."

नेहमीचंच आहे, म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

मग चार वेळा उठणं का, हा प्रश्न उरला. गोळ्यांचं पाकीट मागवलं. पाणी काढणारी गोळी सकाळी घ्यायची होती. सकाळच्या धांदलीत विसरायला होतं म्हणून आजींनीच ती संध्याकाळवर नेली होती, दोन वर्षांपूर्वी. कोणाला विचारलं नव्हतं, विचारायचं असतं असंही त्यांना वाटलं नव्हतं. रात्रभर ती गोळी त्यांना उठवत होती, उठलं की रक्तदाब उतरत होता, आणि झोपेची अर्धी गोळी घेतलेल्या रात्री या दोन्हींवर गुंगी.

मी औषधं बदलत नाही, तो माझा अधिकार नाही. नोंदीचे दोन कागद आणि रक्तदाबाचे आकडे घेऊन मुलगी त्यांच्या डॉक्टरांकडे गेली. पाण्याची गोळी सकाळी आली, दुसऱ्या गोळीचं प्रमाण कमी झालं, झोपेची गोळी हळूहळू बंद करायचं ठरलं.

नोंदीत आणखी एक गोष्ट होती. जायरोस्कोपवरून दिसत होतं की मागे वळायला आजी सात-आठ बारीक पावलं घेतात. वृद्ध फक्त अडखळून पडतात हा समज कॅनडातल्या एका अभ्यासानं खोटा ठरवला. वृद्धांच्या निवासी केंद्रांत कॅमेऱ्यांत टिपलेली २२७ पडणी संशोधकांनी एकेक करून पाहिली, २०१३ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सर्वांत मोठं कारण निघालं शरीराचा भार चुकीच्या बाजूला टाकणं, ४१ टक्के. अडखळणं २१ टक्के. वळताना नेमका हाच भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा असतो. मी दिलेले पहिले व्यायाम सरळ रेषेतले होते, वळणाचा एकही नव्हता.

एअरबॅगचा पट्टा

मुलीनं मध्येच विचारलं, पडता पडता फुगणारे पट्टे मिळतात ना? मिळतात. कल्पना चांगलीच आहे. एक मीटर उंचीवरून मोकळी सोडलेली वस्तू ०.४५ सेकंदात जमिनीवर येते. माणूस कलंडत पडतो, म्हणून त्याला किंचित जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात सेन्सरनं ओळखायचं आणि खुब्याभोवती पिशवी फुगवायची. कुशीवर पडणाऱ्याचा खुबा मोडण्याचा धोका जास्त, त्यामुळे पट्टा पडणं टाळत नसला तरी हाड वाचवू शकतो. पण तो रात्री झोपताना कोण घालतं? आजींनी एकदा कमरेला लावून पाहिला, आरशात बघितलं आणि काढून ठेवला. मी आग्रह केला नाही.

कोणाच्या फोनवर काय जावं

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या विषयावर.

घड्याळाच्या ॲपवर मुलीला आईची पावलं, झोप, ठावठिकाणा, सगळं दिसत होतं. काळजीपोटीच ती बघायची. मग फोन यायचे. "आज दुपारी दोन तास हालचाल नाही, बरी आहेस ना?" "रात्री तीनला उठलीस का?" आजी दुपारी घड्याळ काढून ठेवायला लागल्या. माझ्याजवळ म्हणाल्या, "मी पडायला घाबरत होते, आता हलायला पण घाबरते. हलले तर फोन, नाही हलले तरी फोन."

त्या ज्या वेळी घड्याळ काढायच्या त्यामागे विसराळूपणा नव्हता, तो त्यांचा निषेध होता. वयस्कर लोक तंत्रज्ञान वापरत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी हे जरा तपासून बघावं.

तिघी बसलो. ठरलं असं: पडल्याचा इशारा मुलीला जाईल, बाकी काही जाणार नाही. ठावठिकाणा बंद. आठवड्याची नोंद आजी आणि मी बघू, मुलीला काय सांगायचं ते आजी ठरवतील. मुलगी थोडी नाराज झाली. "मग मला कळणार कसं?" आजी म्हणाल्या, "विचार की मला. तोंड आहे मला." मुलगी हसली, पण तिला ते लागलंही असावं.

घड्याळ चार्जिंगला लावायची वेळ बदलली. सकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात तेव्हा, समोरच्या टेबलावर. रात्री मनगटावर, बाथरूममध्येही मनगटावर. खोट्या इशाऱ्यांसाठी आजींना पडद्यावर "मी ठीक आहे" दाबायला शिकवलं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लवकर त्या शिकल्या.

बाकीचं काम

ते नेहमीचंच, पण खरा भार त्यानंच उचलला. बारा आठवडे तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम, या वेळी वळण्याचे, मागे चालण्याचे आणि बाजूला पाऊल टाकण्याचेही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त माणसांच्या आढाव्यात काढलेला निष्कर्ष असा, की व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. मनगटावरच्या कोणत्याही वस्तूच्या बाजूनं इतका भक्कम पुरावा मला अजून दिसलेला नाही. उठताना पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली वीस वेळा, मगच उभं राहणं. पलंगाखाली हालचालीनं लागणारा मंद दिवा. चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा, कारण दुहेरी काचेतून पायाजवळचं धूसर दिसतं. आणि जमिनीवरून उठायचा सराव: कुशीवर, मग हातगुडघ्यांवर, मग खुर्ची धरून. हा शेवटचा आजींना सगळ्यात आवडला. सव्वा तासाची आठवण त्यांच्या अंगात होती.

सहा महिन्यांनंतर

कमरेचा पट्टा पुन्हा आठवडाभर लावला. रात्रीचं उठणं एकदा, क्वचित दोनदा. उठणं आणि पहिलं पाऊल यांच्यात आता अर्ध्या मिनिटाच्या वर. पहिली पावलं दिवसासारखी. उभं राहिल्यावर रक्तदाब १० नं उतरतो, २८ नं नाही. खुर्चीची चाचणी १४.२ वरून ११.६ सेकंद. पडण्याच्या भीतीची सोळा प्रश्नांची प्रश्नावली असते, गुण १६ ते ६४, जास्त म्हणजे भीती जास्त. त्यात त्या ४१ वरून २८ वर आल्या.

यातलं किती गोळीमुळे, किती व्यायामामुळे, किती दिव्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. सगळं एकदम बदललं होतं.

त्या सहा महिन्यांत एकदा पडल्या. दुपारी, कपाट बंद करताना तोल गेला, भिंतीला पाठ टेकवत हळूहळू खाली बसल्या. आदळल्याच नाहीत, म्हणून घड्याळाला उसळी मिळाली नाही आणि ते गप्प राहिलं. आजी कुशीवर झाल्या, हातगुडघ्यांवर आल्या, खुर्ची धरून उठल्या. मुलीला संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अगं, डॉक्टरांनी एक नवीन गोळी दिलीय, झोपताना घ्यायची. तो तुझा कमरेचा पट्टा आठवडाभर मोकळा आहे का?"